राफाएला सिल्वा : नियमांनी तीन वेळा थांबवलेली ज्युदोपटू

चंद्रकोर (धागालेखिका)

८ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ दि जानेरोमध्ये दुपार कलली होती आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. ऑलिंपिकमधल्या महिला ज्युदोच्या ५७ किलो गटाची अंतिम लढत मी घरच्यांची झोप मोडू नये म्हणून दूरदर्शन संचाचा आवाज बंद करून पाहिली. मंगोलियाची सुमिया दोर्जसुरेन तेव्हा या गटात जगात पहिल्या क्रमांकावर होती. तिच्यासमोर यजमान ब्राझीलची राफाएला सिल्वा उभी होती. लढतीच्या पूर्वार्धातच राफाएलाने वाझा-आरी मिळवला आणि पुढचा सगळा वेळ तिने तो एक गुण जिवापाड जपला. चार मिनिटे संपली, तेव्हा यजमान देशाच्या खात्यावर त्या ऑलिंपिकमधले पहिले सुवर्ण जमा झाले होते.

त्यानंतर तिच्यावर जे लिहिले गेले, ते बहुतेक एकाच साच्यातले होते : गरीब वस्तीतली मुलगी, मारामाऱ्या करणारी, खेळाने सुधारली आणि सोने जिंकली. यातले काही खोटे नाही, परंतु तिच्या कारकिर्दीचा गाभा यात येत नाही, असे मला ठामपणे वाटते. ही खेळाडू तिच्या आयुष्यातल्या तीन मोठ्या प्रसंगी नियमपुस्तकामुळे थांबली, आणि त्यांपैकी प्रत्येक वेळी त्याच खेळाच्या त्याच नियमांखाली परत उभी राहिली. हा धागा मी त्या तीन प्रसंगांसाठी काढते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. राफाएलाचा जन्म २४ एप्रिल १९९२ चा. तिचे बालपण रिओच्या पश्चिम भागातल्या सिदादे दे देउस या वस्तीत गेले. नावाचा शब्दशः अर्थ ‘देवाचे शहर’. शहरातल्या इतर झोपडपट्ट्या हटवून तिथल्या लोकांना वसवण्यासाठी १९६० च्या दशकात ही वसाहत उभारली गेली. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक जेराल्दो बर्नार्देस यांच्या हाताखाली राफाएला आणि तिची बहीण राकेल या दोघी लहानपणी ज्युदो शिकू लागल्या. पुढे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या फ्लाव्हियो कान्तो यांनी २००३ मध्ये ‘इन्स्तितुतो रेआसाओ’ ही संस्था स्थापन केली होती. राफाएला घडली ती तिथेच. २००८ मध्ये ती कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली आणि २०११ मध्ये पॅरिसला वरिष्ठ जागतिक स्पर्धेत तिने रौप्य मिळवले. अंतिम फेरीत ती जपानच्या आइको सातोकडून हरली होती. तेव्हा तिचे वय होते अवघे १९ वर्षे.

लंडन २०१२ ला ती पदकाची दावेदार म्हणूनच गेली होती. हंगेरीच्या हेदविग काराकासविरुद्धच्या लढतीत तिने हात खाली घालून प्रतिस्पर्ध्याचा पाय धरला. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि तिला बाद ठरवले. ज्युदोत या शिक्षेला हान्सोकु-माके म्हणतात. लढत तिथेच संपते, गुणफलकावर काहीही असले तरी.

मैदानावरचा निकाल एक वेळ पचवता येतो. त्या रात्री तिने मोबाइल उघडला तेव्हा तिच्यापुढे जे आले, ते पचवण्यासारखे नव्हते. माकडाची जागा पिंजऱ्यात असते, ऑलिंपिकमध्ये नव्हे, असे तिच्याच देशबांधवांनी तिला लिहिले होते. पराभवाच्या दुःखापेक्षा हा घाव खोल गेला. तिने खेळ सोडण्याचा विचार केला आणि काही काळ सराव जवळजवळ थांबलाच. मानसोपचाराची मदत घेऊन, हळूहळू ती गादीवर परतली.

परतली ती थेट शिखरावर. ऑगस्ट २०१३ मध्ये जागतिक स्पर्धा रिओतच, माराकानाझिन्यो या बंदिस्त क्रीडागारात झाली आणि अमेरिकेच्या मार्ती मलॉयला हरवून राफाएला जगज्जेती झाली. ज्युदोत जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली ब्राझिलियन स्त्री. लंडनमधल्या शिक्षेला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

याच स्पर्धेसाठी काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाचा संघ रिओला आला होता आणि त्यातले पोपोल मिसेंगा व योलांदे माबिका हे दोघे परत न जाता ब्राझीलमध्ये आश्रयाला राहिले. पुढे त्यांना सराव दिला तो राफाएलाच्याच गुरूंनी, बर्नार्देस यांनी. २०१६ ला ते दोघे पहिल्या निर्वासित ऑलिंपिक संघातून खेळले. एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखालून एकाच ऑलिंपिकमध्ये यजमान देशाची सुवर्णविजेती आणि देशच नसलेले दोन खेळाडू उतरले, हे मला आजही थक्क करते.

रिओच्या त्या दिवशी उपांत्यपूर्व फेरीत राफाएलासमोर कोण आले असेल? काराकासच. चार वर्षांपूर्वी जिच्यासमोर ती बाद झाली होती, तिला या वेळी तिने गुणांवर हरवले. उपांत्य फेरीत रुमानियाच्या कोरिना काप्रिओरिउविरुद्ध लढत जादा वेळेत गेली आणि मग सुमियाशी अंतिम सामना झाला. ज्या क्रीडागारात हे घडले, ते सिदादे दे देउसपासून काही किलोमीटरवर आहे. जिंकल्यावर तिने लंडनच्या त्याच शब्दांची आठवण काढली : जिला पिंजऱ्यात ठेवा म्हणत होते, तीच आज स्वतःच्या घरात ऑलिंपिक विजेती झाली आहे.

तिच्या उजव्या दंडावर पाच वलयांचे गोंदण आहे आणि त्याखाली पोर्तुगीजमध्ये एक वाक्य : मी किती सोसले आणि इथवर पोहोचण्यासाठी काय केले, हे फक्त देवालाच ठाऊक. पदकसमारंभात ती हात उंचावून उभी होती तेव्हा मी ते प्रथम पाहिले. मी स्वतः शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत ज्युदो खेळले आहे. त्यामुळे गोंदणाआधी माझे लक्ष तिच्या बोटांकडे गेले. जवळजवळ प्रत्येक पेरावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. प्रतिस्पर्ध्याच्या जाड कॉलरला धरून धरून नखांची मुळे सोलवटतात आणि सांधे सुजतात. त्या पट्ट्या सुटून लोंबू लागल्या की लढत किती झोंबाझोंबीची झाली, ते कळते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगाविषयी पुढच्या प्रतिसादात लिहीन. तोवर लंडनच्या त्या नियमाबद्दल जाणकारांनी लिहावे, ही विनंती.


लाल माती

चंद्रकोरताई, लेख मनापासून आवडला. आमच्या घरात तीन पिढ्या कुस्ती आहे, म्हणून नियमाच्या बाजूने थोडे लिहितो.

आपल्याकडे ज्याला एकेरी पट किंवा दुहेरी पट काढणे म्हणतात, म्हणजे खाली वाकून समोरच्याच्या एका किंवा दोन्ही पायांना हात घालणे, तो डाव ज्युदोतही पूर्वी सर्रास चालत असे. मोरोते-गारी हे त्यातल्या दुहेरी पटाचे जपानी नाव. २०१० पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने थेट पायावर हल्ला करण्यास बंदी घातली. दुसऱ्या डावाला जोडून किंवा प्रतिडाव म्हणून पायाला हात लावण्याची तेवढी मुभा ठेवली होती. खेळाडूंनी कमरेत वाकून लढू नये, ताठ उभे राहून मोठ्या फेकी माराव्यात आणि ज्युदो हा फ्रीस्टाइल कुस्तीपासून वेगळा दिसावा, हा त्यामागचा हेतू होता.

यात अडचण अशी की ‘थेट’ कुठे संपते आणि ‘जोडून’ कुठे सुरू होते, हे ठरवायला पंचांच्या हाती क्षणाचाही अवधी नसतो. लहानपणापासून अंगात मुरलेला डाव हात आपोआप टाकतो. डोके नियम आठवेपर्यंत हात पटात गेलेला असतो. कुस्तीतल्या पोराला उद्या सांगितले की पट काढलास तर कुस्ती हरलास, तर त्याला ते अंगातून काढायला किती वर्षे लागतील, याचा विचार करावा. राफाएलाला पंचांनी नियमाप्रमाणेच बाद केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पहिल्याच चुकीला थेट बाद करणे ही शिक्षा मला तेव्हाही अवाजवी वाटली होती. पुढे २०१३ मध्ये ती मुभाही काढून टाकण्यात आली आणि पायाला हात लावणेच बंद झाले. एका अर्थाने खेळाडूंची संदिग्धतेतून सुटका झाली.

इप्पोन म्हणजे आपली चितपट, एवढे सांगितले की आमच्या तालमीतल्या मुलांना बाकीचा ज्युदो पटकन समजतो.


जुनी वही

या चर्चेत एक मागचा धागा जोडावासा वाटतो, कारण ‘पहिली ब्राझिलियन स्त्री’ हे शब्द २०१३ सालासाठी वापरावे लागतात, ही गोष्ट स्वतःच विचार करायला लावणारी आहे.

ब्राझीलमध्ये ज्युदो नेला तो जपानी स्थलांतरितांनी. १९०८ मध्ये कासातो मारू हे जहाज सांतोस बंदराला लागले, तिथून ही वसाहत वाढत गेली. देशाला ज्युदोतले पहिले ऑलिंपिक पदक १९७२ साली म्युनिकला मिळवून देणारे चियाकी इशी हेही जन्माने जपानी होते. पुरुषांचा खेळ असा रुजत असताना स्त्रियांना मात्र कायद्याने दार बंद होते. १९४१ च्या एका हुकुमाने ‘स्त्रीप्रकृतीशी विसंगत’ खेळ त्यांना निषिद्ध ठरवले आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा परिषदेने त्या खेळांची यादीच जाहीर केली. फुटबॉल, वॉटर पोलो, रग्बी, भारोत्तोलन यांच्याबरोबर त्यात ‘कोणत्याही प्रकारची कुस्ती वा झुंज’ असे शब्द होते. ज्युदो त्यातच आला.

ही बंदी १९७९ मध्ये उठली. त्याच वर्षी उरुग्वेत झालेल्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेला चार मुलींना पाठवताना त्यांची नावे पुरुषांची म्हणून कागदावर चढवावी लागली होती. त्या मुली पदके घेऊन परतल्या, तेव्हा अधिकाऱ्यांना उत्तर देणे अवघड झाले.

महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० ला न्यूयॉर्कमध्ये झाली आणि ऑलिंपिकमध्ये पदकांसह महिला ज्युदो आला तो १९९२ मध्ये, बार्सिलोनाला. म्हणजे राफाएला जन्मली त्याच वर्षी. त्यानंतर २००८ मध्ये बीजिंगला केतलेन क्वाद्रोस यांनी ५७ किलो गटात कांस्य मिळवले. कोणत्याही खेळात ब्राझीलच्या स्त्रीने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. २०१२ मध्ये पियाउई राज्यातल्या सारा मेनेझेस यांनी ४८ किलो गटात सुवर्ण जिंकले. लंडनमध्ये राफाएला ज्या संघातून खेळत होती, त्याच संघाची ही विजेती. एकाच निवासात एकीच्या गळ्यात सोने आणि दुसरीच्या मोबाइलवर शिव्या, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा.


रसशाळा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि श्वसनविकारांचे रुग्ण रोज तपासतो. चंद्रकोर यांनी ‘दुसरा प्रसंग’ म्हटला आहे, तो २०१९ चा असणार, असे गृहीत धरून औषधाच्या अंगाने लिहितो.

९ ऑगस्ट २०१९ रोजी लिमा येथील पॅन अमेरिकन स्पर्धेत राफाएलाने सुवर्ण जिंकले आणि त्या वेळी घेतलेल्या नमुन्यात फेनोटेरॉल सापडले. हे दम्याच्या रुग्णांना श्वासनलिका मोकळ्या करण्यासाठी देतात ते बीटा-२ गटातले औषध आहे. या गटातल्या साल्ब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल यांसारख्या मोजक्या औषधांना ठरावीक मात्रेपर्यंत श्वासावाटे घेण्याची खेळाडूंना परवानगी असते. फेनोटेरॉलला ती नाही. त्यासाठी आधी वैद्यकीय सूट घ्यावी लागते. तिला दमा नव्हता आणि तिच्याकडे अशी सूट नव्हती.

तिचे म्हणणे असे होते की सरावाच्या ठिकाणी एका सहकारी खेळाडूच्या तान्ह्या बाळाला ती खेळवत होती, बाळाला ते औषध चालू होते आणि खेळताना बाळाने तिचे नाक तोंडात धरले, त्यातून ते तिच्या शरीरात गेले. ऐकताना हे अनेकांना विचित्र वाटले आणि त्यावरून तिची पुष्कळ टिंगल झाली. क्रीडा लवादाने डिसेंबर २०२० मध्ये तिचे अपील फेटाळले आणि दोन वर्षांची बंदी कायम राहिली. लिमाचे सुवर्ण गेले आणि टोकियो ऑलिंपिकही हातचे गेले.

उत्तेजकविरोधी नियमांचा पाया असा की शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूची. ते मुद्दाम घेतले की नकळत गेले, हा प्रश्न शिक्षा किती असावी हे ठरवताना येतो, आणि तिथेही ते शरीरात कसे गेले हे पटवून देण्याचा भार खेळाडूवरच असतो. हे कठोर आहे, परंतु याखेरीज नियम राबवता येणार नाही, असे माझे मत आहे.


पैलतीर

डॉक्टरसाहेब, आपला तांत्रिक मुद्दा मान्य आहे, पण माझे समाधान होत नाही. ज्या मुलीला एका स्पर्धेत वर्णावरून शिव्या खाव्या लागल्या, तिच्या खुलाशावर लोक हसले, तेव्हा ते नियमासाठी हसत होते असे मला वाटत नाही. लवादाने पुरावा तोलला, तो त्यांचा अधिकार. हसणाऱ्यांनी मात्र काहीच तोलले नव्हते. शिक्षा भोगून झाल्यावर खेळाडूची पाटी कोरी मानली पाहिजे, आणि तिच्या बाबतीत ती मानली गेली का, हे मला जाणून घ्यायचे आहे.


चंद्रकोर (धागालेखिका)

लाल माती, जुनी वही, रसशाळा आणि पैलतीर, आपणा सर्वांचे आभार. आपल्या प्रतिसादांनी धागा माझ्या लेखापेक्षा पुष्कळ पुढे गेला आहे.

पैलतीर, माझी भूमिका सांगते. निकाल मी मान्य करते, कारण तो तिनेही शेवटी भोगून मान्य केला. तिने खेळाला शिव्याशाप देत घरी बसणे पसंत केले नाही. बंदीचा काळ म्हणजे काय असतो, ते बाहेरून दिसत नाही. संघाच्या शिबिरात जाता येत नाही. अधिकृत सरावात भाग घेता येत नाही. ज्युदो हा एकट्याने करायचा खेळ नाही. समोर धरायला जोडीदार नसेल तर सगळा जोर हवेतच जातो. त्यातच करोनाची साथ आली. वयाची सत्तावीस ते एकोणतीस ही वर्षे, म्हणजे या खेळातला ऐन बहर, तिने अशी काढली.

बंदी संपली २०२१ च्या अखेरीस. ऑक्टोबर २०२२ मध्ये ताश्कंदला जागतिक स्पर्धा झाली आणि अंतिम फेरीत जपानच्या हारुका फुनाकुबोला हरवून ती नऊ वर्षांनी पुन्हा जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत ७८ किलो गटात मायरा आगियार यांनी आपले तिसरे जागतिक विजेतेपद मिळवले, त्यामुळे ब्राझीलच्या वृत्तपत्रांत दोघींची छायाचित्रे शेजारी शेजारी होती. २०२३ मध्ये सान्तियागोच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत राफाएलाने सुवर्ण जिंकले. लिमाला जे परत करावे लागले होते, ते या वेळी तिच्याकडेच राहिले. पाटी कोरी झाली का, याचे माझे उत्तर हे आहे.

आता तिसरा प्रसंग, पॅरिस २०२४. उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाच्या हो मिमीविरुद्ध लढत जादा वेळेत गेली आणि ती हरली. कांस्यपदकाच्या लढतीत समोर पुन्हा फुनाकुबो आली, आणि तीही लढत फेकीवर न संपता पंचांच्या शिक्षेवर संपली. दोन वर्षांपूर्वी जिला हरवून ती जगज्जेती झाली होती, तिच्यासमोरच तिला पदकाविना उतरावे लागले. मी ती लढत पाहिली तेव्हा मला लंडनच आठवले. ती गादीवरून उतरताना रडत होती.

मात्र स्पर्धा संपली नव्हती. ३ ऑगस्टला मिश्र सांघिक स्पर्धा होती. या प्रकारात प्रत्येक संघात तीन स्त्रिया आणि तीन पुरुष असतात आणि चार लढती जिंकणारा संघ पुढे जातो. तीन-तीन अशी बरोबरी झाली तर सहा वजनगटांतून एक गट चिठ्ठीने निवडला जातो आणि त्या गटातले दोघे पुन्हा उतरतात. तिथे पहिला गुण मिळवणारा जिंकतो. कांस्यपदकासाठी ब्राझील आणि इटली यांच्यात नेमकी तीन-तीन बरोबरी झाली. फलकावर गटांचे आकडे एकामागून एक फिरू लागले आणि महिला ५७ किलोवर थांबले.

त्या क्षणी बाकावरचे तिचे सगळे सहकारी तिच्याकडे वळले. दंड थोपटत ती उठली. इटलीच्या वेरोनिका तोनिओलोविरुद्ध तिने निर्णायक गुण मिळवला आणि ब्राझीलला मिश्र सांघिक प्रकारातले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले. पाच दिवसांपूर्वी वैयक्तिक लढतीनंतर रडत उतरलेल्या खेळाडूवर सहा जणांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांचा निकाल चिठ्ठीने येऊन पडला होता, आणि तिने तो पेलला. तिच्या संपूर्ण कारकिर्दीतली एकच लढत कोणाला दाखवायची झाली, तर मी रिओची अंतिम लढत न दाखवता ही दाखवीन.


जुनी वही

चंद्रकोर, आपल्या निवडीशी मी सहमत आहे. एक हिशेब पुरवतो. पॅरिसनंतर ब्राझीलची ज्युदोतली ऑलिंपिक पदके २८ झाली आणि त्या देशाला इतर कोणत्याही खेळाने एवढी पदके दिलेली नाहीत. त्यांतली सुवर्णे पाच : १९८८ ला ऑरेलियो मिगेल, १९९२ ला रोजेरियो साम्पायो, २०१२ ला सारा मेनेझेस, २०१६ ला राफाएला आणि २०२४ ला बेआत्रिस सोझा. शेवटची तिन्ही स्त्रियांची आहेत, आणि बेआत्रिस जिंकली तेव्हा महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून बाजूला साराच उभ्या होत्या.


लाल माती

ती अजून खेळते आहे का? वजन टिकवणे या वयात फार अवघड जाते. कुस्तीत आमच्याकडे तिशीनंतर बहुतेक जण वरच्या गटात जातात.


चंद्रकोर (धागालेखिका)

लाल माती, आपला अंदाज अचूक आहे. पॅरिसनंतर ती ५७ किलो सोडून ६३ किलो गटात गेली. ज्या वजनात दोन जागतिक विजेतेपदे आणि ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, ते सोडून तिशी ओलांडल्यावर उंच आणि जड प्रतिस्पर्ध्यांमध्ये नव्याने जागा मिळवायची, म्हणजे कॉलर धरण्याची उंचीसुद्धा बदलते. तिच्याआधी ही वाट केतलेन क्वाद्रोस चालल्या आहेत. २००८ चे कांस्य त्यांनी ५७ किलोत मिळवले आणि पुढे त्या ६३ किलोत खेळू लागल्या. पॅरिसच्या त्या मिश्र संघात त्याही होत्या. आकडे ५७ वर थांबले, तेव्हा राफाएला ज्या बाकावरून उठली, त्याच बाकावर सोळा वर्षांपूर्वी त्याच वजनगटात पहिले पदक आणणाऱ्या केतलेन बसल्या होत्या.